गुडघ्यावरच्या दोन टिचक्या

सूडाची घाई करणाऱ्याला सूड घेता येत नाही, त्याला फक्त भांडता येते, असे वर्षालीचे ठाम मत होते. आणि ते तिने कोणत्याही ग्रंथावरून नव्हे, तर लोणच्याच्या बरणीवरून बनवले होते. फोडल्या दिवशी कैरी नुसती आंबट असते. मुरायला तिला दिवस द्यावे लागतात. वर्षालीने सहा वर्षे दिली होती.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला तिच्या वडिलांची, भगवंतरावांची, फुलांची शेड होती. एका अंगाला झेंडू-शेवंतीचे ढीग आणि ओले गोणपाट. दुसऱ्या अंगाला वर्षालीचा बॅलेचा वर्ग. फरशीवर उड्या मारल्या की लहान मुलांचे घोटे आणि गुडघे कायमचे दुखावतात, म्हणून भगवंतरावांनी संत्र्यांच्या जुन्या पेट्या उकलून त्यांच्या फळ्या रंधून घेतल्या होत्या आणि त्यांच्याखाली सायकलच्या ट्यूबा अंथरून अशी काही जमीन करून दिली होती, की तिच्यावर पाय आपटला तर ती आधी किंचित दबे आणि मग पायाला वर उचलून देई. भिंतीलगत धरायला नळाचा पाइप होता. पुण्यात सात वर्षे घालवून शिकून आलेली ही विद्या ती त्या पाइपाशी उभ्या असलेल्या एकवीस मुलींना शिकवत असे. शिकवताना ती ओरडत नसे, संगीत थांबवत नसे, आणि वाकलेला गुडघा कधी खपवून घेत नसे.

परंतु शिक्षिका म्हणून तिचे पहिले नाव झाले ते इथे नव्हे, अकोल्याला. जठारपेठेत किशोर नावाच्या गृहस्थाची नृत्यशाळा होती आणि तिथे तिने चार वर्षे बॅले शिकवले होते. किशोर चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातला. घरची कपाशी चाळीस एकरांची असली, तरी तो शेतावर दिवाळीत फोटो काढण्यापुरता जाई. नाचातले त्याला बेताचेच कळे. पण मंच, माइक, पाहुणे आणि फलक या चार गोष्टी त्याला उत्तम कळत, आणि आजच्या दिवसांत तेवढ्यावर मनुष्य कलावंत ठरतो.

चौथ्या वर्षी वर्षालीने ‘बोंड’ रचले. कपाशीचे बोंड पहाटे मिटलेले असते, उन्हाने तडकते, त्यातून कापूस लोंबू लागतो, वारा त्याला छळतो, वेचणारीचा हात येतो, आणि शेवटी झाडावर रिते कवच तेवढे राहते, एवढीच कथा. साडेतीन मिनिटे आणि एकटी मुलगी. ती मुलगी म्हणजे पायल, बारा वर्षांची. वारा येतो त्या ठिकाणी पायलला उजव्या पायावर उभे राहून डावा पाय मागे ताणून धरायचा असे, आणि नेमका तिथेच तिचा उभा गुडघा वाके. वर्षाली समोर उभी राहून सगळा नाच तिच्याबरोबर करी. संगीत थांबवायचे नाही हा नियम. म्हणून त्या ठिकाणी ती नाचता नाचताच हात खाली आणून स्वतःच्या गुडघ्यावर बोटांनी दोन टिचक्या मारी. अर्थ इतकाच, की पायल, गुडघा. पायल गुडघा ताठ करी आणि नाच पुढे सरके.

वर्गाच्या मागच्या बाजूला, मुलींच्या पाठीशी, काचेचे दार होते. त्या दाराआड उभा राहून किशोरने एक दिवस हे सगळे फोनवर टिपून घेतले. वर्षालीने पाहिले आणि तिला बरे वाटले. मालक कौतुकाने टिपतो आहे, असे ती समजली.

स्नेहसंमेलनाची पत्रिका छापून आली, तेव्हा तीवर ‘बोंड : संकल्पना व नृत्यरचना किशोर’ असे होते. पालकांच्या सभेत तिने उभे राहून सरळ विचारले, की ही रचना माझी असताना माझे नाव कुठे आहे?

किशोर हसला. “ऐका बाप्पा!” तो पालकांकडे वळून म्हणाला. “फुलवाल्याची पोरगी आहे न, हार ओवता ओवता नाच ओवला म्हणते! मॅडम, तुमी इथं नोकरी करून राहिले, हे नका विसरू.”

पालक हसले. सगळे नव्हे, पण जे हसले नाहीत ते बोललेही नाहीत, आणि वर्षालीच्या हिशेबी दोघांचे माप एकच होते. त्याच संध्याकाळी ती अमरावतीला निघून आली. पायलच्या आईनेही दुसऱ्या दिवशी पायलचे नाव काढून घेतले, त्यामुळे त्या वर्षी ‘बोंड’ मंचावर आलेच नाही. पुढच्या वर्षी आले, आणि मग दरवर्षी येत राहिले. वर्षालीच्या कानावर ते येई. पाहायची मात्र तिने कधी इच्छा केली नाही. स्वतःच्या घरात चोराला मिरवताना कोण पाहील?

गेल्या पावसाळ्यानंतर पायल कॉलेजसाठी अमरावतीला आली, वर्षालीचा पत्ता काढून शेडवर पोचली, आणि लहान मुलींना दांड्याशी उभे करण्यात तिला मदत करू लागली. एके दिवशी तिने फोन पुढे केला.

“मॅडम, हे पा. या वर्षीचं ‘बोंड’. किशोरसरांचीच पोरगी करून राहिली, प्रणाली. मले सांगा, हा माहा गुडघा व्हय ना?”

वर्षालीने पाहिले. दहा वर्षांची एक मुलगी पांढऱ्या झग्यात नाचत होती. वारा आला. मुलीने पाय मागे ताणला, हात डौलाने खाली आणला, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने आपल्या गुडघ्यावर दोन टिचक्या मारल्या.

वर्षाली हसू लागली. ती इतकी हसली, की फुलांच्या ढिगाशी बसलेले भगवंतराव सुई हातात धरून उठून आले.

“काहून हासून राहिली वं?”

“बाबा, त्यानं माहं रागावणं बी चोरलं,” ती डोळे पुसत म्हणाली. “मी पोरीले टोकत होती, त्यानं तेही नाचात घातलं.”

“अन् जठारपेठेतल्या बोर्डावर तेच चित्र हाय,” पायल म्हणाली. “गुडघ्यावर हात ठेवलेली पोरगी. एवढी मोठी.”

भगवंतरावांनी सगळे ऐकून घेतले, आणि पुन्हा सुई ओवताना एवढेच म्हणाले, “साप धरायचा तं मुंडकं धरा लागते, बाई. शेपटी धरली का उलटून डसते.”

वर्षाली त्या रात्री शांत झोपली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मुंडके कुठे सापडेल याचा विचार तिने वकिलासारखा केला. आपण तक्रार केली, तर सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर. आणि पाच वर्षे दरसाल नाच बसवणाऱ्यासमोर एका शेडवालीचे कोण ऐकेल? म्हणून तक्रार आपण करायची नाही. ती त्याने करावी, भर सभेत करावी, आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःला बांधून घ्यावे. किशोरचा स्वभाव तिला चार वर्षांचा माहीत होता. त्याला डिवचायला काडीसुद्धा पुरे.

काडी जानेवारीत मिळाली. अमरावतीत विदर्भातल्या मुलांसाठी नृत्यस्पर्धा जाहीर झाली. पाश्चात्त्य नृत्याच्या विभागात अकोल्याहून किशोरची प्रणाली ‘बोंड’ करणार, हे पायलने शोधून काढले. वर्षालीने आपल्या अपेक्षा नावाच्या अकरा वर्षांच्या विद्यार्थिनीला त्याच विभागात घातले आणि नाचाचे नाव लिहिले, ‘बोंड’. तीन महिने तिने अपेक्षाला घासून तयार केले. तेवढ्या काळात तिने एकदाही स्वतःच्या गुडघ्याला हात लावला नाही. गुडघा वाकला तर ती तोंडाने सांगे. अपेक्षाच्या नाचात ती जागा अगदी स्वच्छ राहिली पाहिजे, यावर सगळा खटला उभा होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी दहाला सभागृह भरले होते. पाहुण्यांचे हार भगवंतरावांकडूनच गेले होते, त्यामुळे तेही टोपली पायाशी ठेवून तिसऱ्या रांगेत बसले. रंगपटात वर्षाली अपेक्षाचे केस बांधत असताना मागून आवाज आला.

“मॅडम, सेफ्टी पिन आहे का? माहा झगा उसवला.”

प्रणाली होती. चेहरा किशोरचा, पाठ मात्र अशी सरळ, की कोणत्याही शिक्षकाचा हात आपोआप थांबावा. वर्षालीने पिन काढली. ती लावून घेताना मुलगी ओठांतल्या ओठांत मात्रा मोजत होती, आणि मोजता मोजता एका ठिकाणी तिचा हात गुडघ्यावर गेला. टक, टक. श्रद्धेने मारलेल्या टिचक्या होत्या त्या.

पायल वर्षालीच्या कानाशी आली. “मॅडम, लेकरू आहे हे. सांगून देऊ का तिले, तेवढं नको करू म्हणून?”

“नको,” वर्षाली म्हणाली.

तिने पिन नीट लावली, टोक आतल्या बाजूला वळवले, झगा झटकून सारखा केला, आणि पुन्हा अपेक्षाचे केस हातात घेतले. आता आपण या लेकरावर करतो तोही अन्यायच की नाही, हा प्रश्न तिला पडला नाही असे नव्हे. पडला, आणि तिने त्याला बाजूला बसायला सांगितले.

अपेक्षाचा क्रमांक चौथा होता. तिचे ‘बोंड’ सुरू होऊन जेमतेम मिनिट झाले असेल, तोच सातव्या रांगेत किशोर उभा राहिला.

“बंद करा! हा माहा नाच आहे! चोरी आहे ही, सरासर चोरी!”

संगीत थांबले नाही. अपेक्षाही थांबली नाही. तशी तिला सवयच होती. मुख्य परीक्षक सुभद्राबाई नागपूरच्या, सत्तरीच्या, आयुष्यभर नृत्य शिकवत आलेल्या. त्यांनी हात वर करून किशोरला खाली बसवले. “लेकरू नाचून राहिलं. तुमची तक्रार शेवटी ऐकू.”

नवव्या क्रमांकावर प्रणालीने ‘बोंड’ केले, टिचक्यांसह. दोन्ही नाच एकच आहेत हे आंधळ्यालाही कळावे, आणि तरी दोन्ही एकमेकांच्या उलट. अपेक्षा जिथे उजवीकडे वळली तिथे प्रणाली डावीकडे. अपेक्षा उजव्या पायावर उभी, तर प्रणाली डाव्या. सभागृहात कुजबुज सुरू झाली. स्पर्धा संपल्यावर सुभद्राबाईंनी दोघांनाही मंचावर बोलावले आणि माइक किशोरपुढे सरकवला.

“बोला. तक्रार तुमची आहे.”

“बाई, साधी गोष्ट आहे,” किशोर म्हणाला. “ह्या माह्याकडे नोकरीवर होत्या. माहा नाच शिकल्या, निघून गेल्या, अन् ओळखू येऊ नये म्हणून डाव्याचं उजवं करून मांडला. पाच वर्षांपासून हा नाच अकोल्यात होऊन राहिला. इथं अर्धे लोक अकोल्याचे आहेत, विचारा त्याइले!”

अकोल्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुभद्राबाई वर्षालीकडे वळल्या. “तुमचं काय म्हणणं?”

“म्हणणं काही नाही,” वर्षाली म्हणाली. “सरांना एकच प्रश्न विचारू द्या. त्यांच्या नाचात एक हालचाल आहे, जी माझ्या नाचात नाही. वाऱ्याच्या जागी मुलगी गुडघ्यावर दोन टिचक्या मारते. ती कशासाठी?”

किशोरचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याला दर संमेलनात कोणी ना कोणी विचारतच असे, आणि उत्तर त्याला तोंडपाठ होते.

“तोच तं या नाचाचा आत्मा आहे! चोरणाऱ्याले समजलाच नाई, म्हणून तिनं गाळला. शेतकरी बोंडाले टिचकी मारून पायते, पिकलं का नाई म्हणून. त्याचं ते प्रतीक. मले हे वावरात उभं असताना सुचलं. आमच्या संस्थेचं बोधचिन्ह व्हय ते!”

“हे तुम्हाला वावरात सुचलं?”

“लिहून देतो.”

तिसऱ्या रांगेतून भगवंतरावांचा आवाज आला. माइक नव्हता, पण बाजारात भाव पुकारून तयार झालेला गळा होता तो.

“टिचकी टरबुजाले मारतेत, बावा! बोंडाले कोण मारते?”

सभागृहात हशा असा फुटला, की अकोल्याच्या टाळ्या त्यात बुडून गेल्या. तिथे बसलेल्यांतल्या निम्म्या बायांनी कापूस वेचलेला होता. फुटलेले बोंड पांढरे दिसते, न फुटलेले हिरवे. ते पिकले की नाही हे पाहायला कोणी त्याच्यावर टिचकी मारीत नाही, हे त्यांच्या पोरांनाही ठाऊक होते. चाळीस एकरांच्या मालकाला तेवढे ठाऊक नव्हते.

“पायल,” वर्षाली म्हणाली, “ये.”

पायल मंचावर आली. वर्षाली तिच्या समोर, दोघीही प्रेक्षकांना बाजूने दिसतील अशी उभी राहिली, आणि तिने संगीत लावायला सांगितले. वारा आला. पायलने उजव्या पायावर उभे राहून डावा मागे ताणला. समोर वर्षालीने डाव्या पायावर उभे राहून उजवा. पायलने मुद्दाम, बारा वर्षांची असताना वाकवी तसा, गुडघा वाकवला. वर्षालीचा हात खाली आला. टक, टक. पायलचा गुडघा ताठ झाला.

दुसरे काही सांगण्याची गरज उरली नाही. पण सहा वर्षे मुरलेले लोणचे बरणीतच ठेवण्याइतकी वर्षाली उदार नव्हती.

“शिकवणारी मुलांच्या समोर तोंड करून उभी असते, बाई. तिचं डावं ते मुलांचं उजवं. यांनी दाराआडून फोनवर मला टिपलं, मुलीला नाही. म्हणून यांचा सगळा नाच उलटा आहे, आणि म्हणून त्यात या टिचक्या आहेत. तो शेतकरी नाही. ती मी आहे, एका पोरीला गुडघा सरळ कर म्हणून दटावणारी. किशोरसर, तुमच्या दारावर पाच वर्षांपासून माझं दटावणं टांगलेलं आहे. फुलवाल्याच्या पोरीचं!”

सुभद्राबाईंनी कागदावर काहीतरी खोडले, काहीतरी लिहिले, आणि अकोल्याची प्रवेशिका बाद झाल्याचे व रचना वर्षालीची असल्याचे दोन वाक्यांत सांगून टाकले. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांसाठी वर्षाली सहा वर्षे जगली होती, आणि त्या तिला गोड लागल्या, यात संशय नाही.

मग तिने खाली पाहिले. मागच्या रांगांतली टारगट पोरे एकमेकांकडे पाहून गुडघ्यावर टिचक्या मारीत होती. टक, टक, आणि हशा. टक, टक, आणि हशा. ती पोरे किशोरकडे पाहत नव्हती. त्यांची नजर विंगेकडे होती. तिथे पांढऱ्या झग्यातली प्रणाली उभी होती, आणि तिचा उजवा हात तिने डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, जणू तो पुन्हा काहीतरी करील.

बाजूला बसवून ठेवलेला प्रश्न आता उठून वर्षालीच्या समोर आला.

“प्रणाली, चल!” किशोर गाडीची किल्ली काढत ओरडला. मंचाच्या पायऱ्या उतरताना त्याला कोणी वाट देईना.

प्रणाली गेली नाही. ती वर्षालीपाशी आली. डोळे भरलेले, पण आवाज साफ.

“मॅडम, मंग तिथं काय करायचं असते?”

‘तुझ्या पप्पांना विचार.’ हे उत्तर वर्षालीच्या जिभेच्या टोकावर आले. ते तयारच होते. त्याच्याएवढे धारदार दुसरे काही तिच्यापाशी उरले नव्हते, आणि किशोर ऐकू जाईल इतक्या अंतरावर उभा होता. तेवढ्यात तिची नजर मुलीच्या पायांवर गेली. उत्तराची वाट पाहताना ती आपोआप त्या जागेच्या तयारीत उभी राहिली होती, आणि तिचा उभा गुडघा वाकलेला होता.

दहा वर्षांच्या या मुलीला तिथे गुडघा सरळ ठेवायचा असतो, हे आजवर कोणी सांगितलेलेच नव्हते. फक्त टिचक्या मारायला शिकवले होते.

वर्षाली तिच्या समोर उभी राहिली. तिने आपला डावा हात उचलला. मुलगी क्षणभर गोंधळली. मग तिने उजवा उचलला. वर्षाली डाव्या पायावर तोलली, मुलगी उजव्या. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बाजूला. पाय लटपटला. वर्षालीने हात खाली आणला आणि स्वतःच्या गुडघ्यावर दोन टिचक्या मारल्या.

मुलीचा हातही सवयीने निघाला. अर्ध्यात थांबला. आणि गुडघा सरळ झाला.

“प्रणाली!” किशोरने पुन्हा हाक मारली.

“थांबा ना, पप्पा,” मुलगी मान न वळवता म्हणाली. “माहा गुडघा आत्ता कुठं सरळ होऊन राहिला.”

वर्षालीने मुलीच्या डोक्यावरून किशोरकडे पाहिले. तो किल्ली हातात धरून खाली उभा होता, आणि त्याची मुलगी त्याच्याकडे पाठ करून, सगळ्यांच्या देखत, फुलवाल्याच्या पोरीकडे पाहून उभी होती. ही नजर वर्षालीने चांगली दोन-तीन श्वास तशीच ठेवली. तेवढे तिने स्वतःला देऊन टाकले.

मग ती मुलीकडे वळली.

“पुन्हा,” ती म्हणाली.